दाताळ्याचे दात वर होते

आमच्या यांना गल्लीत सगळे गाळमास्तर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि हे वर हसतात. मला नाही बाई हसू येत. सत्तावीस वर्षं मी या माणसाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते, आणि अजून त्या बादलीकडे जाताना माझं नाक मुरडतं. लोक म्हणतात, सवय होते. काही होत नाही. ज्याला सवय होते त्याने येऊन धुवावेत.

काम काय, तर पंपहाऊसवर जाळी साफ करायची. आमचा भाग नदीपेक्षा खाली आहे, त्यामुळे पावसाचं पाणी आपणहून नदीत जात नाही, पंपांनी उचलून टाकावं लागतं. मोठ्या नाल्यातून पाणी येतं, आणि पंपांच्या अलीकडे लोखंडी गजांची उभी जाळी आहे, दोन पुरुष उंच. पाणी पलीकडे जातं, घाण अलीकडे अडते. ती लांब दांड्याच्या दाताळ्याने वर ओढायची आणि गाडीत भरायची. नाही ओढली तर पलीकडे पंप कोरडे फिरतात आणि अलीकडचं पाणी उलटं वळून गल्लीत शिरतं. गल्लीत सगळ्यात खालच्या टोकाला घर कुणाचं? आमचं. तळमजला. आणि त्या घरात खाटेवर माझ्या सासूबाई, मांडीचं हाड मोडल्यापासून चौदा महिने पडून. म्हणजे जाळी साफ असेल तर आई कोरड्या, जाळी तुंबली तर आई पाण्यात. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, पण बोलून कुणी दाखवत नव्हतं.

जाळीवर काय काय येतं ते जेवणाआधी विचारू नये. लहान पोरांची भरलेली लंगोटं येतात, गाठ मारलेली, जणू भेट पाठवलीय. मेलेले उंदीर, घुशी, कुणाचे केस, कुणाची कवळी. कसायाच्या दुकानातली आतडी गजांना गुंडाळून बसतात, ती हातानेच सोडवावी लागतात. एकदा आख्खा कमोड आला होता, झाकणासकट. घरात चपला बाहेर काढून शिरणारी, फरशी दोनदा पुसणारी हीच माणसं. पण खिडकीतून पिशवी नाल्यात भिरकावली की ती जगातून नाहीशी झाली असं या लोकांना वाटतं. अहो, नाहीशी होत नाही, माझ्या नवऱ्याच्या हातात येते! मला या माणसांची त्या आतड्यांपेक्षा जास्त किळस येते.

हे मात्र कधी कुणाला शिव्या देत नाहीत. मुळात बोलतच नाहीत. लग्नाला तीस वर्षं झाली, चार शब्दांच्या पलीकडचं वाक्य यांच्या तोंडून मी मोजून काही वेळा ऐकलं असेल. ‘पाणी दे.’ ‘आई जेवली?’ ‘झोपतो.’ संपलं. आणि यांच्या नशिबाने पंपहाऊसवर जोडीदारही तसलाच मिळाला. त्याचं नावच आम्ही अबोल ठेवलं होतं. एक दिवसपाळी, एक रातपाळी, बावीस वर्षं.

सुरुवातीच्या काळात दोघांचं कशावरून तरी वाजलं. कशावरून ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण काम तर एकच, आणि जाळी तळापर्यंत साफ आहे की नाही हे वरून कळत नाही. पाणी गढूळ, गज खाली बुडलेले. मग यांनी खूण काढली. पाळी संपवून जाताना दाताळं दाराच्या कोपऱ्यात उभं करायचं. दात वर असतील तर जाळी तळापर्यंत साफ. दात खाली असतील तर खाली काहीतरी बसलंय, आधी ते काढ. बोलायची गरजच नाही. वर्षाने भांडण मिटलं, पण खूण राहिली, आणि बोलणं काही परत सुरू झालं नाही. सकाळी हे दारात शिरायचे, कोपऱ्यात नजर टाकायचे आणि बटण दाबायचे. नोंदवही होती, पण तिच्यात महिन्याच्या पहिल्या तारखेलाच तीस वेळा ‘सर्व ठीक’ लिहून मोकळे व्हायचे. साहेबही सही ठोकून मोकळा. बावीस वर्षं खूण एकदाही चुकली नाही, हे मात्र खरं.

यंदा अबोल निवृत्त झाला आणि त्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस आला. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. आधी बुटांच्या दुकानात होता, दुकान बंद पडलं. पहिल्याच दिवशी तो कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, तोंडाला मास्क आणि पिशवीत साबण घेऊन आला. यांनी घरी येऊन चक्क नक्कल करून दाखवली, इतकं यांना ते लागलं होतं. बोटाच्या दोन चिमटीत चमचा धरून म्हणाले, ‘असा धरतो दाताळं.’ मग म्हणाले, ‘हातमोज्या.’ आई खाटेवरून हसल्या, मीही हसले. खोटं कशाला बोलू, मीच जास्त हसले. म्हटलं, ‘नाकाने कांदे सोलणारा आणलाय तुमच्या साहेबाने. याला गाळ नको, गुलाबपाणी उपसायला द्या.’ मग रोज संध्याकाळी तो एक खेळच झाला. हातमोज्याने आज काय केलं? आज त्याने मास्कवर मास्क लावला. आज त्याला ओकारी आली. आज तर त्याने काम झाल्यावर दाताळं नळाखाली धरून साबणाने घासलं आणि सुकायला उभं केलं. ‘दाताळ्याला आंघोळ!’ हे म्हणाले, आणि आमची हसून हसून पुरेवाट झाली.

सुकायला उभं करायचं म्हणजे दात वर करूनच ना! पण हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि यांनाही नाही. त्याला खूण कुणी सांगितलीच नव्हती. अकरा दिवस पावसाचा टिपूस नव्हता, जाळी रोजच साफ असायची, त्यामुळे खूण आपोआप खरी ठरत गेली. अकरा दिवसांत हे त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते.

बाराव्या दिवशी ते वादळ आलं. आदल्या संध्याकाळपासून मोबाइल बोंबलत होता: अतिमुसळधार, ताशी अमुक वेगाने वारे, घराबाहेर पडू नका. घराबाहेर पडू नका म्हणे! ज्यांच्या घरातच पाणी शिरणार त्यांनी काय करायचं ते मात्र लिहीत नाहीत. हे नेहमीसारखे साडेसहाला डबा घेऊन गेले. आई म्हणाल्या, ‘अरे, आज जाळीकडे नीट बघ रे.’ हे ‘हो’ म्हणाले. तो ‘हो’ मी माझ्या कानांनी ऐकला.

आठ वाजता दिवसा दिवे लावावे लागले. साडेआठला वाऱ्याने समोरच्या गॅरेजचे पत्रे उचलले आणि ते गल्लीभर आपटत सुटले. पाऊस पडत नव्हता, कुणीतरी वरून ओतत होतं. गल्लीच्या तोंडाशी मोठं झाड आडवं झालं आणि विजेच्या तारा घेऊन पडलं. मी दाराला चादरी कोंबल्या. दारातून काही आलं नाही. आलं ते न्हाणीच्या मोरीतून. आधी बुडबुडे, मग झुरळं. शंभर तरी असतील, भिंतीवर चढायला लागली. आणि मग काळं पाणी गडगड करत वर आलं, आणि त्यात काय नव्हतं! सगळ्या गल्लीने सकाळी जे काही आपल्या घरातून घालवलं होतं, ते आमच्या घरी पाहुणं म्हणून आलं. मला तिथेच उलटी झाली.

मी यांना फोन लावला. म्हटलं, ‘अहो, पाणी आलंय घरात!’

‘पंप चालू आहेत,’ हे म्हणाले. ‘उतरेल.’

‘उतरत नाहीये, चढतंय! घोट्याच्या वर आलंय!’

पलीकडून पंपांचा आवाज येत होता. नेहमी तो आवाज जड असतो, पाणी ओढणारा. हा आवाज पोकळ होता, मलासुद्धा कळलं. तोच यांनीही ऐकला असावा. मग म्हणाले, ‘आईला वर ने,’ आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, लागला नाही.

आईला वर ने! कसं नेऊ? आई हाडापेराने भक्कम बाई, मांडीत लोखंडी पट्टी, पाय जमिनीला टेकत नाही. वरच्या मजल्यावर शिंपीणबाई एकटी, तिचा स्वतःचा गुडघा दुखरा. मी जिन्यात जाऊन तिला हाका मारल्या, ती खाली आली, दोघींनी आईंना काखेत धरून उचलायला बघितलं तर त्या कळवळून ओरडल्या. पाणी गुडघ्याला आलं. मी खाटेवर उशा रचल्या, आईंना टेकवून बसवलं. शिंपीणबाई वरच्या खिडकीतून कुणाला तरी हाका मारायला गेली. मी आईंना धरून उभी राहिले.

आता मनात आलं ते सांगते. चौदा महिने मी त्यांचं सगळं काढलं होतं. चादरी, लंगोट, पाठीवरच्या जखमा. माझ्या तोंडावर जे यायचं ते त्या बघायच्या आणि म्हणायच्या, ‘अगं, तोंड वाकडं करू नकोस. नाक मलाही आहे, आणि मला तर उठून जाताही येत नाही.’ मायेने बोलायची त्यांची रीतच नव्हती. आणि त्या पाण्यात उभी असताना एकदा मला वाटलं, सुटतील. त्याही, मीही. एवढंच वाटलं, एक श्वासभर. पण वाटलं हे खरं, आणि मला त्या काळ्या पाण्याची आली नाही तेवढी शिसारी माझीच आली.

तेवढ्यात पाण्याने खाट उचलली. एका अंगाने तरंगली आणि कलंडली. आई माझ्या हातातून सुटून पाण्याखाली गेल्या. मी वाकून त्यांना चाचपडत होते, हाताला काय काय लागत होतं, देवा रे. केस सापडले. केसांना धरून वर ओढलं. त्या खोकत होत्या, नाकातोंडातून काळं पाणी येत होतं. मी त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर दाबून धरलं आणि ओरडत राहिले. काय ओरडत होते ते आठवत नाही.

दारातून माणूस आत आला. छातीपर्यंत भिजलेला, चिखलाने माखलेला. मी ओळखलं नाही, कारण मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. म्हणाला, ‘ताई, मी पंपहाऊसवरचा. रातपाळीचा.’ बस बंद म्हणून तो गल्लीच्या तोंडाशी, पडलेल्या झाडाच्या अलीकडे, दुकानाच्या आडोशाला अडकला होता, तिथे त्याने शिंपीणबाईची हाक ऐकली. हातात हातमोजे नव्हते, तोंडावर मास्क नव्हता. त्याने पाठ वळवली, खाली वाकला, पाणी त्याच्या हनुवटीला लागलं, आणि म्हणाला, ‘आजी, गळ्याला मिठी मारा.’ मी आणि परत खाली आलेल्या शिंपीणबाईने मागून आधार दिला. आईंना उलटी झाली, त्याच्या मानेवर. त्याने मान वळवली नाही. एक एक पायरी मोजत वर नेलं आणि शिंपीणबाईच्या पलंगावर ठेवलं. मग भिंतीला टेकून बसला आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर, ‘मास्तर जाळीवर एकटेच आहेत का?’

मी म्हटलं, ‘एकटेच.’

‘मग मी जातो,’ म्हणाला, आणि तसाच परत पाण्यात उतरला. पण झाडाच्या तारांमुळे त्याला पुढे जाता आलं नाही, असं नंतर कळलं.

तिकडे यांनी कमरेला दोर बांधला होता आणि जाळीला धरून पाण्यात उतरले होते. तळाशी आख्खी दुहेरी गादी होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीने बांधून कुणी नाल्यात सोडलेली, आणि तिच्यावर साठलेला बाकीचा सगळा संसार. पायाने आणि हाताने तुकडे तुकडे करून ती काढायला यांना अडीच तास लागले. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. बारा वाजता पंपांनी पाणी धरलं आणि दोनपर्यंत गल्ली उघडी पडली. हे सगळं यांनी केलं. कुणी दुसऱ्याने केलं नसतं. ते कोण नाकारतंय?

आईंना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना धाप लागली होती. डॉक्टरीणबाई म्हणाली, छातीत घाण पाणी गेलंय, चार दिवस काढले तर बघू. हे दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. अंगाला तो वास, डोळे लाल. आणि तीस वर्षांत प्रथमच हे कुणाला दोष देत बोलले. म्हणाले, ‘हातमोज्याने दाताळं दात वर करून ठेवलं. जाळी तुंबलेली असताना. त्याने केलंय हे.’

मी म्हटलं, ‘अहो, त्यानेच तर आईंना पाठीवरून वर नेलं.’

‘केलेलं निस्तरायला आला असेल.’

माझ्या अंगाचा भडका उडाला, पण त्या माणसावर नाही की यांच्यावर नाही, नुसताच उडाला. मी त्या रातपाळीवाल्याला मनात चार शिव्याही दिल्या. मेल्या, आंघोळ कसली घालतोस दाताळ्याला!

दुसऱ्या दिवशी मी घरातला चिखल काढला. फावड्याने. गल्लीत सगळे नाक धरून फोटो काढत होते आणि पंपहाऊसवाले झोपले होते म्हणून बोलत होते. दुपारी यांचे कपडे बादलीत टाकायला घेतले. शर्टाचा खिसा चाचपला, नेहमीसारखा, कारण खिशात यांची गोळ्यांची पट्टी असते. कागद निघाला. चार घड्या घातलेला, ओला. नोंदवहीचं पान होतं, कडेला फाडलेलं. बॉलपेनची शाई पसरली नव्हती. सुबक अक्षर होतं, दुकानात पावत्या लिहिणाऱ्या माणसाचं:

‘सकाळी ६.५०. जाळीच्या तळाशी मोठी वस्तू अडकली आहे. एकट्याने निघत नाही. पुढच्या पाळीला तोंडी सांगितले आहे. ती काढल्याशिवाय पाणी पुढे जाणार नाही.’

मी ते पान हातात धरून मोरीशेजारी बसले. तोंडी सांगितले आहे. म्हणजे यांना माहीत होतं. माहीत होतं आणि पान फाडून खिशात घातलं होतं.

आणि मी काय केलं? मी ते पान वाळवलं आणि बटणांच्या डब्यात लपवलं. स्वतःला म्हटलं, आई बऱ्या झाल्या तर चुलीत घालू. सत्तावीस वर्षं घाण काढलेल्या माणसाला नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत कशाला नागवं करायचं? ठेकेदाराच्या माणसाला काय, दुसरं काम मिळेल. असा विचार केला मी. शी!

तिसऱ्या दिवशी कळलं की हातमोज्याला कामावरून बंद केलंय, चौकशी होईपर्यंत. मी आईंच्या उशाशी होते. त्यांना बोलताना श्वास पुरत नव्हता. मध्येच म्हणाल्या, ‘अगं, मला उचललं त्या माणसाचा खांदा बघितला का कुणी? कचकन वाजला होता. माझ्या कानाला लागून होता, मी ऐकलं.’

मी म्हटलं, ‘बघते.’

‘बघते नको म्हणूस. जा.’

मी गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळी आई गेल्या. हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते, हात घट्ट मिटून. रडले नाहीत. बाहेर येऊन भेटायला आलेल्या प्रत्येकाला एकच सांगत राहिले, दाताळ्याचे दात वर होते, दाताळ्याचे दात वर होते. लोक माना हलवत होते. काय कळत होतं त्यांना! गल्लीतला एक जण तर म्हणाला, ‘त्या हातमोज्याला तुडवला पाहिजे.’ हे त्यावर काही बोलले नाहीत.

ते न बोलणं माझ्या डोक्यात गेलं. आयुष्यभर मी यांच्या न बोलण्याला साधेपणा समजत आले होते.

चौकशीला वरचे साहेब सहाव्या दिवशी येणार होते. घरात पाणी कसं चढलं ते सांगायला मलाही बोलावलं होतं. त्या दिवशी सकाळी मी यांच्यापुढे चहा ठेवला आणि कपाच्या शेजारी ते पान ठेवलं. यांनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘खिशात होतं,’ मी म्हटलं. ‘चहा प्या, आणि मग मला सांगा. त्याने तोंडाने सांगितलं होतं ना?’

‘हं.’

‘हं नको. काय सांगितलं?’

‘म्हणाला, खाली काहीतरी मोठं आहे. दोघं मिळून ओढू.’

‘आणि तुम्हाला ऐकू आलं नाही?’

‘आलं.’

‘मग?’

मला वाटलं उठून जातील. पण बोलले, आणि एवढं सलग बोलताना मी यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ‘दात वर होते. मी तेच बघितलं. तो सांगत होता आणि मला वाटत होतं, हा मला जाळी शिकवणार? चिमटीत दाताळं धरणारा? त्याच्या तोंडून ऐकायची मला किळस आली. तो पाच मिनिटं थांबला दारात. मी पाठ केली. मग त्याने वहीत लिहिलं आणि गेला.’

‘आणि खूण? ती त्याला का नाही सांगितली?’

‘ती आमची होती,’ हे म्हणाले. ‘माझी आणि त्याची.’ त्याची म्हणजे अबोलची.

मला खूप बोलायचं होतं. तुम्ही आईला मारलंत, हे सगळ्यात पुढे होतं जिभेवर. पण संध्याकाळी नक्कल बघून टाळ्या कोण वाजवत होतं? मीच ना? चार दिवस पान डब्यात कोणी ठेवलं? मी एवढंच म्हटलं, ‘हे पान तुम्ही देणार का मी देऊ?’ यांनी पान उचलून घडी घातली आणि खिशात ठेवलं. तेवढ्यावरून मला काहीच कळलं नाही.

पंपहाऊसच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं होतं. साहेबाने नाकाला रुमाल लावला होता आणि खुर्ची खिडकीकडे ओढून घेतली होती. हातमोज्या भिंतीला टेकून उभा होता, डावा हात गळ्यात अडकवलेला. खांद्याचं हाड सरकलं होतं. त्याने मला बघून मान लववली, मला त्याच्याकडे बघवलं नाही.

साहेबाने आधी त्यालाच विचारलं, ‘जाळी तुंबलेली असताना दाताळं दात वर ठेवलंस. का?’

‘धुऊन ठेवलं, साहेब. पाणी निथळायला,’ तो म्हणाला. ‘त्याचा काही अर्थ असतो हे मला माहीत नव्हतं. पण मी सांगितलं होतं. वहीत लिहिलंही होतं.’

साहेबाने वही उलटीपालटी केली. ‘वहीत तर सर्व ठीक आहे.’

तो गप्प झाला. एवढा गप्प झालेला माणूस बघितला की आपलं तोंड लपवावंसं वाटतं. मी उठायच्या बेतात होते, खुर्ची मागे सरकवलीही होती. तेवढ्यात यांनी खिशातून पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. साहेबाने ते रुमालाच्या टोकाने उलगडलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

‘हे कुणी फाडलं?’

‘मी.’

‘म्हणजे याने तुम्हाला खरंच सांगितलं होतं?’

‘हो.’

‘गाळमास्तर, नीट सांगा,’ साहेब म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तोंडावरून रुमाल काढला. ‘हे कागदावर जाणार आहे. घरात पाणी शिरून बाई गेली आहे. चूक कुणाची?’

‘माझी,’ हे म्हणाले. ‘आईही माझीच.’

साहेबाने पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.